रस्त्याची जाडी कशी ठरते?

रस्ता उखडला की वर डांबराचा एक हात फिरवावा म्हणजे दुरुस्ती झाली, असा सर्वसाधारण समज आहे. स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मी मात्र नेहमी सांगतो, की रस्त्याचे दुखणे पुष्कळदा पोटात असते. ते आधी ओळखावे, मग जाडीचे गणित मांडावे.

प्रथम खुणा पाहाव्यात. नुसती बारीक खडी सुटत असेल, तर दोष पृष्ठभागापुरता असतो. पातळ थर पुरतो. चाकांच्या वाटेवर मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडल्या असतील, तर वारंवार वाकून डांबरी थर थकला असे समजावे. खोल चाकोरी पडून बाजूची जमीन फुगली असेल, तर खालची मातीच खचली आहे. तेथे वरचा मुलामा वाया जातो.

मातीची ताकद सी. बी. आर. कसोटीने मोजतात. दाबून बसवलेला नमुना चार दिवस पाण्यात ठेवतात व त्यात ५० मि.मी. व्यासाचा दट्ट्या दाबतात. २.५ मि.मी. आत जाण्यास लागलेला भार १३७० किलोच्या शेकडा किती, हे काढतात. बैलहोंगलकडील काळी माती भिजली की हा आकडा दोन-तीनवर येतो. खानापूरकडील तांबडा मुरूम पुष्कळ बरा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २००१ च्या तक्त्यात एक कोटी प्रमाण आसांच्या वाहतुकीसाठी ३ टक्के मातीवर एकूण जाडी ७६० मि.मी. होती, तर १० टक्के मातीवर ५४०. म्हणजे फरक जवळजवळ एक वीत! पुढे पद्धत सुधारली, तत्त्व तेच राहिले.

दुसरी बाजू भाराची. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा येथे १९५८ ते १९६० या काळात झालेल्या चाचणीतून दिसले, की नुकसान आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट, तर नुकसान सोळापट. प्रमाण आस ८.१६ टनांचा धरतात. आपल्याकडे २०१८ साली चार टायरांच्या एका आसाची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन झाली. असा एक आस सुमारे चार प्रमाण आसांइतकी झीज करतो. म्हणून केवळ गाड्या मोजून भागत नाही. आसांचे वजनही घ्यावे लागते.

उद्या तुमच्यापैकी कोणी रस्त्याच्या अंदाजपत्रकावर सही करील. त्यापूर्वी एक खड्डा खणून खालची माती हातात घ्यावी आणि बाजूचे चर वाहते आहेत का, ते पाहावे. तसे न करता घातलेले डांबर म्हणजे लोकांचा पैसा पहिल्या पावसात सोडून देणे होय.