ब्रेकमधील तेल आणि बिलावरील दोन शब्द

माउंटन बाइक, म्हणजे डांबरी रस्ता सोडून मुरूम, खडक आणि पायवाटांवर चालवण्यासाठी बांधलेली सायकल, विकत घेताना पुण्यातील बहुतेक ग्राहक गिअर किती, चौकट कोणत्या धातूची आणि पुढचा शॉकअप किती दबतो एवढी चौकशी करतात. ब्रेकमध्ये कोणता द्रव भरलेला आहे हा प्रश्न मात्र दुकानात क्वचितच विचारला जातो, आणि विचारलाच तर त्याचे धड उत्तर देणारा माणूस तेथे असेलच असे नाही. या अज्ञानाची किंमत दुकानात नव्हे तर घाटाच्या उतारावर मोजली जाते, आणि ती दुकानदाराला मोजावी लागत नाही, ही या लेखामागील तक्रार आहे. ती प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्या प्रकरणातून निर्माण झालेली असल्यामुळे विवेचनात काही ठिकाणी कडवटपणा उतरला असल्यास वाचकांनी तो तसाच समजून घ्यावा.

उतारावर सायकल आवरायची कशी, हा या खेळाचा पहिल्यापासूनचा प्रश्न आहे. १९७६ पासून कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली आणि त्यांचे सोबती जुन्या, जाड टायरांच्या सायकली कच्च्या डोंगररस्त्यांवरून खाली सोडण्याच्या शर्यती करीत. त्या सायकलींना कोस्टर ब्रेक, म्हणजे पेडल उलटे फिरवल्यावर मागच्या चाकाच्या हबमध्ये लागणारा ब्रेक असे, आणि एका उतारात हब इतका तापे की त्यातील ग्रीस जळून धूर निघे व पुढच्या फेरीआधी हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. १९९६ मध्ये अटलांटा येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला, चाकाच्या मध्याशी असलेल्या पोलादी तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटा घेणारे डिस्क ब्रेक पुढे सर्रास झाले, तरी उष्णतेचे काय करायचे हा प्रश्न सुटला नाही. तो हबमधून निघून द्रवात शिरला.

हायड्रॉलिक डिस्क ब्रेकची रचना समजण्यास अवघड नाही. हँडलवरील लिव्हर दाबली की तिच्यातील लहान पिस्टन बंद नळीतील द्रव पुढे ढकलतो, तो दाब कॅलिपरपर्यंत, म्हणजे तबकडीवर बसवलेल्या चिमट्यापर्यंत पोहोचतो, आणि तेथील पिस्टन पॅड नावाच्या घर्षणपट्ट्या तबकडीवर आवळतात. लिव्हर सोडल्यावर पिस्टनांना मागे ओढण्याचे काम कॅलिपरमध्ये कोणतीही स्प्रिंग करीत नाही. पिस्टनाभोवतीचे चौकोनी काटछेदाचे रबरी कडे, ज्याला सील म्हणतात, ते दाबाखाली किंचित पिळवटते आणि दाब सुटताच मूळ आकारात येताना पिस्टनाला केसभर मागे घेते. ब्रेक सुटणे हे अशा रीतीने मुख्यतः त्या रबराच्या प्रकृतीवर अवलंबून असते, आणि रबर कोणत्या द्रवात बुडालेले आहे यावर ती प्रकृती ठरते.

हे द्रव मुख्यतः दोन जातींचे आहेत. पहिला डॉट वर्गातील ब्रेक ऑइल, जो आपल्या स्कूटर-मोटारसायकलींच्या डिस्क ब्रेकमध्ये असतो. नाव तेलाचे असले तरी डॉट ३, ४ आणि ५.१ हे ग्लायकॉल इथर प्रकारच्या संयुगांपासून बनतात, हवेतील ओलावा शोषतात, पाण्यात विरघळतात आणि रंगावर सांडले तर रंग सोलवटून काढतात. डॉट ४ चा उत्कलनबिंदू ताजेपणी किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, परंतु ३.७ टक्के पाणी शोषल्यानंतर तो किमान १५५ अंश असला तरी प्रमाणभूत मानतात. द्रव ठरावीक मुदतीने बदलायचा असतो तो यासाठी. दुसरा प्रकार खनिज तेलाचा असून शिमानो, माग्युरा आणि टेक्ट्रो यांचे हायड्रॉलिक ब्रेक त्यावर चालतात. हे तेल पाणी शोषत नाही, पण त्याचाही फायदा निर्भेळ नाही, कारण आत शिरलेले पाणी न विरघळता सर्वांत खालच्या जागी, म्हणजे नेमके कॅलिपरमध्ये साचते आणि उतारावर तापल्यावर तेथेच त्याची वाफ होते. स्रॅमच्या ब्रेकांत दीर्घकाळ डॉट ५.१ वापरले जात असे, परंतु त्याच कंपनीच्या मेव्हनसारख्या अलीकडच्या ब्रेकांत खनिज तेल आहे. त्यामुळे कंपनीच्या नावावरून अंदाज बांधणेही आता धोक्याचे झाले आहे. खनिज तेलासाठी घडवलेले सील डॉट द्रवात ठेवल्यास फुगतात व मऊ पडतात, फुगलेले सील पिस्टनाला परतू देत नाही, आणि एकदा फुगलेले रबर द्रव बदलल्याने पूर्ववत होत नाही.

ज्या प्रकरणामुळे हे सर्व लिहिण्याची वेळ आली, त्यात पुण्यातील एका परिचित दुकानात पावसाळ्यानंतरच्या देखभालीसाठी दिलेल्या सायकलीच्या दोन्ही ब्रेकांमधील द्रव बदलण्यात आला. ब्रेक खनिज तेलाचे आहेत हे सायकल देतानाच काउंटरवर स्पष्ट सांगितले होते आणि समोरून मान डोलावली गेली होती. सायकल धुऊनपुसून, साखळीला चकाकी आणून परत मिळाली. बिलावर ‘ब्रेक सर्व्हिस’ एवढे दोनच शब्द आणि पुढे रक्कम होती. पहिले काही दिवस वेताळ टेकडीवरील सकाळच्या फेऱ्यांत काहीच जाणवले नाही, आणि हेच या बिघाडाचे खरे कपट आहे, कारण चुकीचा द्रवसुद्धा दाब उत्तम वाहून नेतो. बिघडते ते रबर, आणि ते सावकाश बिघडते. पुढे उजवी लिव्हर सोडल्यावर हँडलजवळ रेंगाळू लागली, पुढचे चाक हलके घासत असल्याचा आवाज येऊ लागला, आणि सिंहगडाच्या घाटरस्त्याने डोणज्याकडे उतरताना एका वळणाआधी पुढचा ब्रेक लागला तो सुटलाच नाही. चाक पूर्ण अडले नाही म्हणून स्वार हँडलवरून पुढे फेकला गेला नाही, एवढेच म्हणता येईल. कडेला थांबल्यावर तबकडीवर पाण्याचे थेंब टाकले तर ते चरचरत उडत होते.

खात्री झाली ती त्या संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये. पुढचे चाक उचलून फिरवले असता एक फेरीही पूर्ण न करता थांबत होते, आणि कॅलिपरच्या खालच्या बाजूला, पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कच्या पायावर, रंगाला नखाएवढ्या जागेत सुरकुत्या पडलेल्या दिसल्या. बोट फिरवताच तेवढा रंग चिकट होऊन निघून आला. खनिज तेलाने रंग असा उठत नाही. त्यानंतर लिव्हरवरील छिद्रातून सिरिंजने थोडा द्रव काढून स्टीलच्या वाटीतील पाण्यात त्याचा थेंब सोडला गेला. फिकट पिवळसर थेंब तळाकडे गेला, सरबतात साखर विरघळताना दिसतात तशा लाटा पाण्यात उमटल्या आणि तो नाहीसा झाला. वर राहिला तो जुन्या तेलाचा अंश असलेला, जेमतेम दिसणारा इंद्रधनुषी पापुद्रा. दुसऱ्या वाटीत शिमानोच्या सीलबंद बाटलीतील तेलाचा थेंब टाकला, तो गुलाबी टिकलीसारखा पाण्यावर तरंगत राहिला आणि काडीने ढवळल्यावर फुटून पुन्हा एक झाला. पाण्याला खर्च नाही, प्रयोगाला पाच मिनिटे लागत नाहीत, आणि ज्यांचे ब्रेक खनिज तेलाचे आहेत त्यांनी दुकानातून सायकल आणल्यावर तो करावाच. डॉटचा थेंब त्वचेला लागल्यास मात्र लगेच धुवावा आणि वाटी स्वयंपाकघरात परत जाऊ देऊ नये.

दुसऱ्या दिवशी दुकानात जे घडले त्याचा विसर पडणे अद्याप शक्य झालेले नाही. मालकाने सायकलीकडे न पाहताच निदान केले: “सर, तुम्ही गाडी फार रफ चालवता.” वाट्यांमधील प्रयोगाचे छायाचित्र दाखवल्यावर पाणी खराब असेल असे सुचवण्यात आले, मग प्रेशर वॉशरचा संशय पुढे आला, मग उन्हाचा; आणि द्रवाचा प्रकार आधीच सांगितला होता याची आठवण करून दिल्यावर “असं काही बोलणं झालंच नव्हतं” असे उत्तर मिळाले. याच सुमारास संबोधन ‘सर’वरून ‘काका’वर आले. “काका, या वयात घाटबीट कशाला, छान हायब्रिड देतो तुम्हाला,” हे वाक्य एका नव्या गिऱ्हाइकाच्या देखत, भिंतीवरच्या परदेशी शर्यतींच्या पोस्टरांखाली उच्चारले गेले. मागच्या बाजूस काम करणाऱ्या मुलाला मात्र लपवण्यासारखे काही आहे हे ठाऊक नसावे. कोणते तेल टाकले असे विचारताच त्याने फळीवरची डॉट ४ ची अर्धी बाटली उचलून दाखवली आणि “सगळ्यांना हेच टाकतो” असे निरागसपणे सांगितले. मालकाने त्याला तत्काळ चहा आणायला पिटाळले. त्या मुलाला दोष देण्याचे कारण नाही, कारण त्याला कोणी शिकवलेले नव्हते. ज्याने शिकवायला हवे होते तो गल्ल्यावर बसलेला होता आणि नव्या ब्रेकजोडीवर दहा टक्के सूट देऊ करीत होता, म्हणजे स्वतःच बिघडवलेली वस्तू पुन्हा विकण्याची तयारी दाखवीत होता. बरेच निरोप आणि लेखी पत्र गेल्यानंतर मजुरीची रक्कम ‘सद्भावना म्हणून’ परत आली. लिव्हर, कॅलिपर आणि पॅड यांचा खर्च लेखकालाच सोसावा लागला, कारण अशा ब्रेकांचे आतील सील बहुधा सुटे मिळत नाहीत आणि पूर्ण भागच बदलावे लागतात.

यावरून इतर सायकलस्वारांनी करावयाच्या गोष्टींपैकी सर्वांत महत्त्वाची अशी की, द्रवाचे नाव जॉबकार्डावर आणि बिलावर लिहून घ्यावे आणि बाटली डोळ्यांसमोर उघडायला लावावी. लिव्हरवर किंवा तिच्या टाकीच्या झाकणावर द्रवाचा प्रकार छापलेला असल्यास त्याचे छायाचित्र काढून कारागिराला पाठवावे, म्हणजे ‘बोलणं झालंच नव्हतं’ या उत्तराला जागा उरत नाही. त्याहून सुरक्षित मार्ग म्हणजे आपल्या ब्रेकसाठी सांगितलेल्या तेलाची लहान बाटली घरी ठेवून तीच सोबत नेणे. दुकानदाराला याचा राग आला तर ते दुकान आपले नव्हे. काढलेले जुने पॅड आणि भाग परत मागावेत, कारण पुरावा म्हणून तेवढेच हाती राहते. पॅडवर कोणताही द्रव सांडला असेल तर ते जाळून, घासून शुद्ध होतात यावर विश्वास ठेवू नये आणि सरळ बदलावेत; बदलताना तबकडीवर केवळ रेझिन पॅड वापरण्याची सूचना कोरलेली आहे का हे पाहावे, कारण अशा तबकडीवर धातुमिश्रित पॅड बसवल्यास ती लवकर झिजते, आणि उलट पक्षी मावळातल्या पावसाळी चिखलात रेझिन पॅड फार भराभर संपतात.

ब्रेकखेरीज इतर साहित्याबद्दल सांगण्यासारखे थोडे आहे. ट्यूबलेस टायरमध्ये, म्हणजे आत वेगळी ट्यूब नसलेल्या टायरमध्ये, भोके बुजवण्यासाठी ओतलेले सीलंट नावाचे लॅटेक्सयुक्त द्रव्य आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकते, म्हणून बाभळीच्या काट्यांचा हंगाम सुरू होण्याआधी ते तपासावे. रॉकशॉक्ससारख्या कंपन्या फोर्कच्या खालच्या नळ्यांची देखभाल ५० तासांच्या वापरानंतर करायला सांगतात; येथील मुरमाची धूळ पाहता तो आकडा गांभीर्याने घ्यावा, मात्र हे काम ‘करून टाकतो’ म्हणणाऱ्याला आधी कोणते तेल आणि किती मिलिलिटर हे विचारावे. सूट मिळते म्हणून चुकीच्या मापाची चौकट घेऊ नये. हेल्मेट घालावे, पाणी सोबत ठेवावे, एकट्याने आडवाटेला जाऊ नये, हे सर्वांना माहीत आहेच. राजगड-तोरण्याच्या परिसरात मुक्कामी भटकंती करणाऱ्यांनी केबलवर चालणाऱ्या डिस्क ब्रेकचा विचार अवश्य करावा. त्यांची पकड कमी असते, परंतु तुटलेली केबल तालुक्याच्या गावीही मिळण्याची शक्यता असते आणि तिच्यात कोणी स्कूटरचे तेल ओतू शकत नाही.

दुकानदार ऐकत नसेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अशी निष्काळजी दुरुस्ती ही सेवेतील त्रुटी ठरू शकते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि तेवढ्याने न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तेथे वकील सक्तीचा नाही, मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आयोगापुढे संताप चालत नाही, कागद चालतो. म्हणून दुरुस्तीपूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे, दुकानाशी झालेले लेखी निरोप आणि शक्य असल्यास दुसऱ्या कारागिराचे सहीनिशी मत एकत्र ठेवावे. मूळ बिल गुळगुळीत थर्मल कागदावर छापलेले असेल तर त्यावरील अक्षरे काही महिन्यांत उडून जातात, तेव्हा त्याची साधी छायाप्रत त्याच दिवशी काढून घ्यावी.