शिडाच्या युद्धनौकेची लाकडी प्रतिकृती

जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ती आजही तरंगत आहे.

तिची प्रतिकृती करताना तळाचा कणा सरळ आहे ना, हे प्रथम पाहावे. नौकेच्या छेदाच्या आकाराचे आडवे पडदे त्यावर काटकोनात बसवावेत. नौकेचा घेर मध्यभागी मोठा, तर नाळेकडे लहान असतो. म्हणून वरून जडवावयाच्या पट्ट्या टोकाकडे निमुळत्या तासाव्या लागतात. पट्ट्या दोन्ही बाजूंस आळीपाळीने लावाव्यात. एकच बाजू आधी पूर्ण केल्यास तिच्या ताणाने कणा वाकतो. मग डोलकाठ्या कितीही कौशल्याने उभारल्या तरी नौका वाकडीच राहते.