शिक्षकाची पूर्वतयारी : एक अमानत

पवित्र कुरआनचे अवतरण 'वाच' या आज्ञेने सुरू झाले, ही गोष्ट आपल्या व्याख्यानांतून आणि लेखांतून वारंवार सांगितली जाते. इस्लाममध्ये ज्ञानार्जनाला केवढे स्थान आहे, हे त्यातून स्पष्ट होते. परंतु वाचायला शिकविणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, याचा विचार त्या मानाने कमी होतो. मूल मकतबला वेळेवर पोहोचले का, त्याने सबक पाठ केला का, हे आपण विचारतो. सबक देणारा त्या दिवशी तयारी करून बसला होता का, हे सहसा कोणी विचारीत नाही. मी स्वतः काही वर्षांपासून संध्याकाळच्या मकतबमध्ये शिकवीत आहे. म्हणून हा प्रश्न मी सर्वप्रथम स्वतःलाच विचारला पाहिजे.

एके दिवशी असरच्या नमाजनंतर मुलांना सूरह इख्लासचा अर्थ सांगायचा होता. दिवसभराच्या कामाने मी थकलो होतो. ही सूरह तर लहानपणापासून पाठ आहे, तिची तयारी ती काय करायची, असे मनाशी म्हणून तसाच वर्गात जाऊन बसलो. नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीने विचारले, "सर, 'अहद' म्हणजे एक, तर मग 'समद' म्हणजे काय?" मी सांगून टाकले, "तेही तेच. एकमेव." ती क्षणभर थांबून म्हणाली, "मग दोन वेगळे शब्द कशाला?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. "तू अजून लहान आहेस, पुढे कळेल," असे म्हणून मी पुढच्या मुलाकडे वळलो.

घरी येऊन तफसीर उघडली. 'समद' म्हणजे ज्याच्याकडे सर्व जण आपल्या गरजांसाठी धाव घेतात आणि जो स्वतः कोणाचाही गरजवंत नाही. सूरहच्या अर्थाचा एक मोठा भाग या एका शब्दात सामावलेला आहे आणि तोच मी पुसून टाकला होता. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर चूक कबूल केली व अर्थ पुन्हा सांगितला. तेव्हा ती मुलगी म्हणाली, "पण मी तर काल दादीला तोच अर्थ सांगितला." माझी चूक एका रात्रीत एका घरात जाऊन पोहोचली होती.

अमानती त्यांच्या हक्कदारांच्या स्वाधीन करा, अशी आज्ञा सूरह निसामध्ये आहे. अमानत म्हटले की आपल्याला पैसा, दागिने, फार तर गुपित आठवते. मुलाचा वेळ आणि त्याचा विश्वास याही अमानतीच आहेत. साधा हिशोब करून पाहा. वर्गात पंचवीस मुले आहेत आणि कोणाचा सबक कुठवर आला हे शोधण्यात शिक्षकाची दहा मिनिटे गेली, तर मुलांची मिळून 250 मिनिटे, म्हणजे चार तासांहून अधिक वेळ गेला. तो वेळ शिक्षकाच्या मालकीचा नव्हता.

अल्लाहचे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकविण्याच्या पद्धतीकडे या दृष्टीने पाहिले तर तिच्यातील सुव्यवस्था लक्षात येते. ह. आयशा (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) इतके सावकाश बोलत की कोणी शब्द मोजू म्हटले तर मोजता आले असते. ह. अनस (रजि.) यांच्या निवेदनानुसार महत्त्वाची गोष्ट नीट समजावी म्हणून ते ती तीनदा सांगत. माणसाच्या आशा-आकांक्षा त्याच्या आयुष्याच्या मर्यादेपलीकडे कशा जातात, हे समजावताना त्यांनी जमिनीवर एक चौकोन आखला, त्याच्या मध्यातून बाहेर जाणारी एक रेषा काढली आणि तिच्या बाजूंनी लहान रेषा ओढल्या. आज फळ्यावर आकृती काढणारा शिक्षक करतो तेच हे काम होय. स्त्रियांनी आपल्यासाठी स्वतंत्र वेळ मागितला, तेव्हा त्यांना एक दिवस ठरवून देण्यात आला आणि त्या दिवशी प्रेषित (स.) त्यांच्याकडे गेले.

ह. अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) दर गुरुवारी लोकांना उपदेश करीत. रोज करावा, अशी एकाने इच्छा व्यक्त केली; तेव्हा त्यांनी सांगितले की तुम्हांला कंटाळा येईल या भीतीने मी तसे करीत नाही, प्रेषित (स.) देखील आमच्या बाबतीत अशीच काळजी घेत आणि योग्य वेळ पाहत. किती सांगायचे याबरोबरच कुठे थांबायचे हेही आधी ठरवावे लागते. दिव्य कुरआन स्वतः सुमारे 23 वर्षांत थोडे थोडे अवतरले आणि लोकांना ते थांबून थांबून वाचून दाखविता यावे, हे त्याचे कारण सूरह बनी इस्राईलमध्ये सांगितलेले आहे.

पुढच्या पिढ्यांनी हा वारसा जपला. मदीनेचे इमाम मालिक (रह.) यांच्या दारी लोक आले की फिकहचे प्रश्न विचारायचे आहेत की हदीस ऐकायची आहे, अशी आधी चौकशी होत असे. प्रश्न असतील तर ते लगेच बाहेर येत. हदीस ऐकायची असेल तर स्नान करून, स्वच्छ वस्त्रे नेसून, सुगंध लावून मगच बैठकीवर बसत. हदीसचे ज्ञान त्यांना कमी होते म्हणून का ही तयारी? ज्या गोष्टीला आपण हात घालणार आहोत तिचा मान राखण्याची ती रीत होती. इमाम इब्न जमाआ (रह.) यांनी गुरु-शिष्यांच्या शिष्टाचारावर हिजरी 672 मध्ये एक ग्रंथ पूर्ण केला. शिक्षकाने भूक, तहान, राग, चिंता किंवा झोपेची गुंगी अशा अवस्थेत शिकवायला बसू नये, असे त्यात बजावलेले आहे. ते वाचताना मला माझी ती थकलेली संध्याकाळ आठवली.

इब्न खल्दून यांनी 'मुकद्दमा' या ग्रंथात याहून खोलवर विचार केला आहे. त्यांच्या मते कोणताही विषय तीन फेऱ्यांत शिकवावा: आधी ढोबळ रूपरेषा, नंतर तपशील व मतभेद, आणि शेवटी अवघड राहिलेले सारे बारकावे. पहिल्याच दिवशी कठीण प्रश्न पुढे टाकले, तर विद्यार्थ्याला वाटते की हा विषयच दुर्बोध आहे आणि तो त्यापासून दूर जातो. दोन सबकांत फार अंतर पडले तर शिकलेले विसरते, हेही त्यांनी नोंदविले आहे. पाठ्यपुस्तक हातात घेऊन मिळेल ते पान उघडणाऱ्याला यांपैकी काहीही साधणार नाही.

यावर अनुभवी शिक्षक म्हणतात, "वीस वर्षे हाच कायदा शिकवितो आहोत, आता तयारी कसली?" मला हे म्हणणे अर्धेच खरे वाटते. कायदा तोच असतो, पण समोरचे मूल नवीन असते. मराठी बोलणाऱ्या मुलाच्या जिभेला 'ऐन', 'हा', 'साद', 'काफ' या अक्षरांचे मखरज घरातून मिळालेले नसतात. 'कल्ब' हा शब्द मोठ्या काफने, म्हणजे कंठातून उच्चारला तर त्याचा अर्थ हृदय होतो. लहान काफने उच्चारला तर कुत्रा. उलट काही ठिकाणी मराठीच मदतीला येते. 'जीवन' आणि 'जवळ' यांतील 'ज' वेगळे आहेत, हे मुलाला न शिकविताच येते. 'जवळ'मधल्या 'ज'कडे लक्ष वेधून 'जीम' आणि 'झा' यांतील फरक सांगितला की त्याला तो चटकन उमगतो. मग 'झाल'साठी जिभेचे टोक दातांच्या कडेशी आणणे, हा पुढच्या दिवसाचा सबक. कोणत्या मुलाचे कोणते अक्षर अडते हे आदल्या दिवशी टिपून ठेवले नसेल, तर हे वर्गात ऐन वेळी सुचत नाही.

मकतबची अडचण शाळेहून वेगळी असते. एकाच चटईवर कोणी कायद्याच्या तिसऱ्या पानावर असतो, कोणी नाझरा वाचत असतो, कोणी दुआ पाठ करीत असतो. अशा ठिकाणी एक साधी वही फार उपयोगी पडते. मी प्रत्येक मुलाला एक पान दिले आहे: आजचा सबक, राहिलेली चूक, उद्या काय ऐकायचे. रात्री इशानंतर पंधरा मिनिटे त्यासाठी लागतात. आपल्या मदरशांत सबकापूर्वी 'मुताला' आणि सबकानंतर 'तकरार' करण्याची परंपरा आहे. धडा आधी स्वतः वाचून येणे आणि नंतर आपसांत त्याची उजळणी करणे. विद्यार्थ्यांकडून आपण हे हक्काने मागतो. शिक्षकाचा मुताला मात्र त्याच्या मर्जीवर सोडलेला असतो.

कितीही तयारी केली तरी उत्तर न येणारा प्रश्न निघणारच. इमाम मालिक (रह.) यांच्याविषयी सांगितले जाते की एकदा त्यांना 48 प्रश्न विचारण्यात आले आणि त्यांपैकी 32 प्रश्नांना त्यांनी 'मला ठाऊक नाही' असे उत्तर दिले. पण आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही, याची सीमा ज्याने आधी पाहून ठेवली आहे, त्यालाच हे सहज म्हणता येते. मी त्या दिवशी ती पाहिलीच नव्हती, म्हणून तोंडाला येईल ते बोललो.

सारा दोष शिक्षकाच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. पुष्कळ ठिकाणी एकच माणूस पाच वेळा इमामत करतो, अजान देतो, जनाझ्याला जातो, निकाह लावतो आणि मधल्या वेळात चाळीस मुलांना शिकवितो. मानधन इतके की घर चालविण्यासाठी शिकवण्या कराव्या लागतात. त्याने तयारी कधी करायची? मस्जिदीच्या कमिटीच्या बैठकांत मी बसलो आहे. पंख्यांवर आणि गालिच्यांवर तासभर चर्चा होते; मकतबसाठी एक तफसीर, एक फळा, शिक्षकाला तयारीसाठी एक मोकळा तास, हे विषय 'इतर बाबीं'मध्येही येत नाहीत.

आईवडिलांनाही यात काही करता येते. मूल मकतबहून आले की "सबक झाला का?" एवढेच न विचारता "आज काय शिकलास, मला सांग," असे विचारावे. सांगितलेले चुकीचे वाटले तर मुलासमोर उस्तादांना नावे न ठेवता, त्यांना एकांतात भेटून विचारावे. त्या मुलीच्या दादींनी तसेच केले होते. मी चूक सुधारल्याच्या तिसऱ्या दिवशी त्या मकतबच्या दारात येऊन म्हणाल्या, "बेटा, नात सांगते की अर्थ बदलला. मला एकदा नीट सांगाल का? मी साठ वर्षे ही सूरह नमाजमध्ये वाचते आहे, पण आजवर कोणी सांगितलेच नाही."