डिमेन्शियाबद्दल काही पाठवशील तेव्हा

अगं, बंगळुरूच्या बनशंकरीतल्या आपल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर तू डिमेन्शियाबद्दल लिहायला लागलीस, हे फार बरं केलंस. ज्यांच्या घरी हे दुखणं आहे त्यांना चार जणांत जाऊन बोलायची सवड नसते, फोन तेवढा हाताशी असतो. म्हणून लिहिताना वाचणारी कोण आहे ते आधी डोळ्यांपुढे आण. रात्री दोन वाजता सासऱ्यांचे कपडे तिसऱ्यांदा बदलून बसलेली सून. तिला ‘अमुक तेल पोटात घ्या, आठवण परत येईल’ असं पाठवलंस तर सकाळी ती तेच आणायला धावेल आणि महिन्याभराने आणखी खचेल. डिमेन्शियाचा अल्झायमर हा प्रकार बरा करणारं औषध आजही नाही. जी आहेत त्यांनी काहींना काही काळ थोडा आधार मिळतो, इतकंच. अमुक औषधाने मेंदूचे विकार बरे होतात अशी जाहिरात करायला आपल्याकडे 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे. तसला मजकूर कितीही मोठ्या डॉक्टरच्या नावाने आला तरी पुढे ढकलू नकोस.

आकडे तर फार जपून टाक. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा अशी डिमेन्शियाचा धोका वाढवणारी 14 कारणं सांगितली. ती सगळी दूर झाली तर जगातला सुमारे 45 टक्के डिमेन्शिया टळेल किंवा लांबणीवर पडेल, असा त्यांचा अंदाज आहे. हा हिशेब साऱ्या समाजाचा, एका घराचा नव्हे. नुसतं ‘45 टक्के टाळता येतो’ लिहिलंस की कुठलीतरी नणंद विचारणारच, ‘मग आमच्या आईकडे लक्ष कुणी दिलं नाही?’ त्यापेक्षा ‘चाळिशी ओलांडलेल्यांनी बीपी, शुगर आणि कान तपासून घ्या’ असं लिही. कामाचं तेवढं पोचतं आणि बोल कुणालाच लागत नाही.

‘वय झालं, विसरणारच’ असं कुणी म्हटलं तर मात्र गप्प बसू नकोस. बी-12 कमी पडलं, थायरॉइड बिघडलं, मन फार खचलं, डोक्याला मार लागून आत रक्त साकळलं, तरी माणूस असाच वागतो, आणि यांवर इलाज आहेत. दोन दिवसांत एकाएकी माणूस बरळायला लागला तर लघवीतला किंवा छातीतला संसर्गही असू शकतो. तिथे ग्रुपवर विचारत बसायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं. सावकाश वाढत आलेल्या विसरण्याची तपासणी करायला निम्हान्स रुग्णालय आपल्याच शहरात आहे, हे दर वेळी लिहीत जा.

आता ‘हरवले आहेत’चे मेसेज. आपल्याकडे बसस्टँड आहे, मेट्रो आहे, मंगळवारी-शुक्रवारी देवीच्या देवळात राहुकाळाची गर्दी असते. म्हातारं माणूस त्या लोंढ्याबरोबर सहज वाहून जातं. पहिलं काम 112 ला फोन आणि पोलीस ठाण्यात तक्रार, मेसेज त्यानंतर. मेसेजात तारीख, वेळ, शेवटचं कुठे दिसले, अंगावर काय होतं, कुठली भाषा समजते हे हवंच. आणि तो कन्नडमध्येही हवा, कारण शोधणारा रिक्षावाला आणि कंडक्टर मराठी वाचत नाहीत. माणूस सापडला की त्याच ग्रुपांवर ‘सापडले’ म्हणून कळवायचं आणि फोटो काढून टाकायचा. आजोबा कधीचे घरी येऊन बसलेले असतात, तरी मुलाचा नंबर महिनोन् महिने फिरत राहतो आणि नको नको ते फोन येतात.

घरातल्या आजारी माणसाचा व्हिडिओ टाकायचा नाही. आजी एकच प्रश्न दहादा विचारतात म्हणून हसू आलं, तरी नाही. ‘लोकांना कळावं म्हणून’ हे कारण चांगलं वाटतं, पण त्या माऊलीला आज हो-नाही म्हणता येत नाही, आणि भानावर असती तर पदर न सावरता ती कुणापुढे आली नसती. समजवायचंच असेल तर चेहरा आणि नाव गाळून चार ओळींत लिही. घरी सांभाळायला येणारी बाई कन्नड बोलणारी असेल, तर तिच्यासाठी कन्नडमध्ये व्हॉइस नोट कर: मागून हाक मारू नकोस, समोर येऊन बोल, एका वेळी एकच गोष्ट सांग.

तुझ्या मेसेजखाली कुणी विचारलं, ‘झोपेची गोळी अर्धी देऊ का?’ तर उत्तर एकच, ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारा. विचारणारीचाच धीर सुटत आला आहे असं वाटलं तर तिला टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर दे. तो फुकट आहे आणि रात्रीही चालतो. मग दुसऱ्या दिवशी तिला वेगळा फोन कर, ग्रुपवर नव्हे, आणि जेवलीस का ते विचार.