समजीविता : स्वतःला सांभाळण्याची शिकवण

शरीर, मन आणि सामाजिक जीवन ही तिन्ही सुस्थितीत असतील तरच माणूस निरोगी म्हणता येईल, असा विचार जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली अमलात आलेल्या घटनेत मांडला आहे. या तिन्हींचा एकत्र विचार भगवान बुद्धाच्या उपदेशातही जागोजागी आढळतो. परंतु आपण पंचशील म्हणतो, वंदना घेतो आणि स्वतःच्या शरीर-मनाची काळजी हा धम्माचा विषय आहे हे मात्र विसरतो. स्वतःकडे लक्ष देणे म्हणजे स्वार्थ किंवा चैन, असा आपल्याकडे एक समज आहे. म्हणूनच कार्यकर्ता रात्री बारापर्यंत बैठका घेतो आणि औषधाची वेळ चुकवतो. घरातली माउली सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले खाते. विद्यार्थी चहावर रात्री काढतो. हा समज कितपत योग्य आहे, हे तपासण्यासाठी पाली साहित्यातील चार प्रसंग पाहू.

१. वीणेची तार

सोण कोळिविस हा चंपा नगरीतील अतिशय श्रीमंत घरचा तरुण. प्रव्रज्या घेतल्यावर राजगृहाजवळच्या सीतवनात तो चंक्रमण करीत राही. त्याने साधनेचा असा अतिरेक केला की तळपाय फुटून वाट रक्ताने भरली. तरीही चित्ताला मुक्ती मिळेना. तेव्हा घरी परत जावे, धन उपभोगावे आणि दानधर्म करावा, असे त्याच्या मनात आले. म्हणजे अतिरेकाचे टोक गाठल्यावर मन थेट दुसऱ्या टोकाकडे धावले. आपल्यापैकी अनेकांचा व्यायाम, पथ्य आणि अभ्यास याच रीतीने सुटतो.

सोण पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला त्याच्याच अनुभवातून समजावले. तार फार ताणली तर स्वर नीट लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. उद्योगाचेही तसेच आहे. अति झाला तर अस्वस्थता येते, कमी पडला तर आळस येतो. यालाच पालीत ‘विरियसमता’, म्हणजे प्रयत्नांतील समतोल, म्हटले आहे. वीणा एकदा जुळवली म्हणजे कायमची जुळली असे होत नाही. बसताना प्रत्येक वेळी तार पाहावी लागते.

या कथेचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. तथागतांनी सोणाला एका तळाची पादत्राणे वापरण्याची परवानगी दिली. परंतु एकट्यासाठी सवलत घेणे त्याला पटेना. सर्व भिक्खूंना ती असेल तरच मी वापरीन, असे त्याने सांगितले. तेव्हा ती परवानगी संपूर्ण संघाला मिळाली. एकाच्या पायाची जखम सर्वांच्या सोयीचे कारण ठरली. या दृष्टीने आरोग्य ही संघाची बाब होय.

२. राजाचे जेवण

कोसल देशाचा राजा पसेनदी दोणभर तांदळाचा भात खाई. एकदा तो भरल्या पोटी धापा टाकीत तथागतांच्या भेटीस आला. तथागतांनी त्याला उपवास सांगितला नाही. भोजनाची मात्रा जाणणाऱ्याच्या वेदना कमी होतात आणि तो सावकाश म्हातारा होतो, अशा अर्थाची एक गाथा सांगितली. राजाने ती एका तरुणाला पाठ करायला लावली आणि जेवताना रोज म्हणायला सांगितले. हळूहळू त्याचा आहार नाळीभर भातावर आला आणि शरीर हलके झाले.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, बदल हळूहळू केला. दुसरी, आठवण करून देणारा माणूस जवळ ठेवला. आज डॉक्टर दिवसाला मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी घ्या, आठवड्याला निदान दीडशे मिनिटे भरभर चाला, असे सांगतात. हे आपल्याला ठाऊक असते, पण आठवण करून देणारा कोणी नसतो. ते काम घरातल्या मुलाने, मित्राने किंवा विहारातल्या सोबत्याने करावे.

३. तराजू आणि उंबर

दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाने, संसारात राहणाऱ्यांच्या हिताचे काही सांगावे, अशी विनंती केली. तथागतांनी चार गोष्टी सांगितल्या : उद्योगशीलता, मिळवलेल्याचे रक्षण, सन्मित्रांची संगत आणि समजीविता. समजीविता म्हणजे समतोल राहणी. तराजू धरणाऱ्याला पारडे किती झुकले आणि किती वर गेले हे कळते, तसा गृहस्थाने आपला जमाखर्च जाणावा. मोजकी उंबरे हवी असताना जो सारे झाड हलवतो, तसा मिळकतीबाहेर खर्च करणारा. आणि भरपूर मिळकत असून पोटाला चिमटा घेणाराही तितकाच चुकतो. तो अनाथासारखा मरेल, असे लोक म्हणतात.

बँकेच्या काउंटरवर हे दोन्ही प्रकार नेहमी दिसतात. लग्नाच्या एका दिवसासाठी पाच वर्षे हप्ते भरणारे दिसतात, तसेच खात्यात ठेव असूनही मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढे ढकलणारेही दिसतात. हप्त्याची तारीख जवळ आली की झोप उडते, झोप उडाली की रक्तदाब वाढतो आणि चिडचिड लेकरांवर निघते. म्हणून पैसा, शरीर, मन आणि घर यांचा वेगवेगळा विचार करून भागत नाही.

४. बांबूवरचा खेळ

बांबूवर कसरती करणाऱ्या गुरू-शिष्याची एक कथा तथागतांनी सांगितली आहे. गुरू म्हणाला, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्य म्हणाला, तसे नको; आपण दोघांनी आपापला तोल सांभाळू, तरच खेळ नीट होईल. तथागतांनी शिष्याची बाजू घेतली. मात्र पुढे त्यांनी हेही सांगितले की स्वतःला सांभाळल्याने दुसरा सांभाळला जातो आणि क्षमा, अहिंसा व मैत्री यांनी दुसऱ्याला सांभाळल्याने आपणही सांभाळले जातो. स्वार्थाच्या आक्षेपाला याहून स्पष्ट उत्तर दुसरे कोणते असणार?

विद्यार्थ्यांसाठी : अठरा तासांचा प्रश्न

बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त अनेक ठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. एका दिवसाचे अभिवादन म्हणून तो प्रेरणादायी आहे. परंतु काही विद्यार्थी तेच रोजचे वेळापत्रक करतात आणि परीक्षेच्या तोंडावर आजारी पडतात. बाबासाहेबांची परिस्थिती ध्यानात घ्यावी. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना लंडनचे शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. प्राध्यापकी करून, पैसे जमवून ते १९२० साली पुन्हा गेले आणि १९२३ साली त्यांनी डी. एस्‌सी. पदवी मिळवली. हाती वेळ थोडा आणि पैसा त्याहून थोडा होता. पुढे मधुमेह आणि इतर व्याधींशी झुंजत त्यांनी काम केले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अवघ्या त्रेपन्न दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आपल्याला मिळालेली पुस्तके, वसतिगृहे आणि सवलती ही त्या कष्टांचीच फळे आहेत. त्यांचा उपयोग करून निरोगी राहणे हेही त्यांच्या ऋणातून उतराई होणेच आहे. शिवाय वाचलेले लक्षात राहण्यासाठी झोप लागते. प्रौढ माणसाला रात्री निदान सात तास, तर किशोरवयीनांना आठ ते दहा तास झोप हवी, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते.

रोजचा ताळा

बँकेत दिवसअखेर रोकड जुळल्याशिवाय कोणी घरी जात नाही. दहा रुपयांचा फरक आला तरी सगळी व्हाउचर पुन्हा तपासली जातात. तसा दिवसाचा ताळा आपणही करावा. झोपण्यापूर्वी पाच प्रश्न पुरेत :

१. आज भुकेइतकेच आणि वेळेवर जेवलो का?
२. अर्धा तास तरी चाललो का? काल रात्री पुरेशी झोप झाली का?
३. आजचा खर्च आजच्या मिळकतीला झेपणारा होता का?
४. मोबाइल बाजूला ठेवून दहा मिनिटे शांत बसून श्वासाकडे पाहिले का?
५. कोणाशी मोकळेपणाने बोललो का? कोणाला उगाच दुखावले का?

पाचही उत्तरे रोज ‘होय’ येणार नाहीत. फरक कुठे पडतो हे कळले की दुसऱ्या दिवशी ती तार थोडी सैल करावी किंवा थोडी ताणावी. मन फारच खचले असेल तर ताळ्यावर विसंबू नये, डॉक्टरांना भेटावे. १४४१६ या क्रमांकावर शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा विनामूल्य उपलब्ध आहे. मदत मागण्यात कमीपणा नाही.

सोणाने पादत्राणे एकट्यासाठी घेतली नाहीत, हे संस्थेच्या सभासदांनी विशेष लक्षात घ्यावे. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर विहारातच रक्तदाब व साखरेची तपासणी ठेवता येईल. सकाळी चालणाऱ्यांचा गट करता येईल. बैठका रात्री नऊला संपवता येतील. याला फार निधी लागत नाही, ठराव करण्याची इच्छा लागते. पुढील अभ्यासवर्गात या तीन सूचनांवर चर्चा होऊन निदान एक तरी अमलात यावी, ही अपेक्षा.