एक जूनची आजी

अकोले,
एप्रिल 2026

चि. सोनूस,


काल तुझ्या बाबांचा फोन आला. 1 जूनला आजीला ऐंशी पूर्ण होतात म्हणून तू संगमनेरला हॉल बघितलास, केक, फ्लेक्स, गाण्यांचा कार्यक्रम सगळं ठरवत आणलंस, हे तो कौतुकाने सांगत होता. पुण्यातली नोकरी सांभाळून नातीने आजीसाठी एवढी धावपळ करावी याचं मलाही फार बरं वाटलं. पण त्याने कार्यक्रम वाचून दाखवला तेव्हा एक गोष्ट खटकली. त्यात आजीने करायचं असं काही नव्हतं. खुर्चीवर बसायचं, हार घालून घ्यायचा, सुरी धरायची. भाषणं दुसऱ्यांची, गाणी दुसऱ्यांची. ज्या बाईच्या ऐंशी वर्षांसाठी आपण जमणार, तिला त्या वर्षांबद्दल कोणी काही विचारणारच नाही, असं झालं तर मला चैन पडणार नाही. म्हणून फोन न करता सविस्तर लिहिते आहे.

मुळात 1 जून हा तिचा वाढदिवस नाही. तुला हे कोणी सांगितलं नसेल, कारण आधार कार्डापासून बँकेपर्यंत सगळीकडे तीच तारीख आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, तेव्हा जुनी जनरल रजिस्टरं हाताळली आहेत. पान उलटावं तर मुलांची नावं वेगळी, गावं वेगळी, आणि जन्मतारीख मात्र ओळीने 1 जून. शाळा जूनमध्ये उघडायची. पोर घेऊन आलेल्या आईबापांना तारीख ठाऊक नसायची. मग गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की पोर पहिलीत बसायला लायक, म्हणजे सहा वर्षांचं. तेवढी वर्षं मागे मोजून 1 जून लिहायचे. महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी अशी एकाच दिवशी जन्मली. गुरुजींना मी दोष देणार नाही, त्या तारखेमुळे पोरं शाळेत तरी बसली. पण आपल्या माणसाचा वाढदिवस करताना आपण त्या तारखेवर थांबू नये.

आई कधी जन्मली हे माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, सांगायची ते असं: आवणी उरकली होती, प्रवरेला पूर होता, सुईणीला पलीकडून आणता येईना म्हणून शेजारच्या म्हातारीने बाळंतपण केलं. आणि गांधीजी गेल्याची बातमी गावात आली तेव्हा ही कडेवर होती. आता तू हिशेब कर. गांधीजी गेले 30 जानेवारी 1948 ला. भाताची आवणी आपल्याकडे जुलैत, फार तर ऑगस्टच्या सुरुवातीला संपते. पोर कडेवर घेण्याइतकं, पण अजून पळत सुटलेलं नाही, असं धरलं तर 1946 चा श्रावण जवळपास पक्का होतो. वर्ष गुरुजींनी बरोबर ओळखलं, महिना मात्र हुकला.

आपल्या तालुक्यात जुन्या माणसांची वयं अशीच मोजली जात. तुझ्या पणजोबांचा जन्म भंडारदऱ्याच्या धरणाचं काम चालू असतानाचा, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. आणि ते काम 1910 पासून 1926 पर्यंत चाललं! धरणाची तारीख सरकारदरबारी आहे, त्याला यंदा शंभर वर्षं होतात. त्याच्यावर दगड वाहणाऱ्यांच्या घरी जी पोरं झाली त्यांच्या तारखा कुठे नाहीत. पुढच्या लोकांना खुणा जास्त मिळाल्या. पानशेत फुटलं ते 1961, कोयनेचा भूकंप 1967, मोठा दुष्काळ 1972. मी दुष्काळाच्या वर्षी सहा वर्षांची होते हे मला दाखल्यावरून कळलं नाही, शाळेत मिळणाऱ्या सुकडीच्या चवीवरून माहीत आहे.

एक कागद मात्र बघण्यासारखा आहे. पूर्वी गावचा कोतवाल जन्ममृत्यूची नोंद ठेवायचा, ते कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14. जुनी पुस्तकं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात, कधी मोडीत, कधी देवनागरीत. त्यात बाळाचं नाव सहसा नसतं, कारण बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली. बापाचं नाव, मुलगा की मुलगी, आणि तारीख. जातीच्या दाखल्यासाठी लोक ही नक्कल काढतात. वाढदिवसासाठी कोणी काढल्याचं माझ्या ऐकण्यात नाही, पण आपण काढू या. आजीच्या हातात तिच्या बापाच्या नावासमोरची ती एक ओळ ठेवली तर कुठल्याही भेटवस्तूपेक्षा तिला ती मोठी वाटेल, असं मला खात्रीने वाटतं. पान फाटलेलं निघालं किंवा सापडलंच नाही, तरी पणजीची गोष्ट आपल्याजवळ आहेच.

आता दिवसाचं. यंदा अधिक ज्येष्ठ आहे आणि 1 जून नेमका त्यात येतो. आजी अधिक महिन्यात समारंभ करून घेणार नाही, मान ठेवायला हो म्हणेल आणि मनातून अवघडून बसेल. शिवाय त्या दिवसांत काजवे बघायला भंडारदऱ्याकडे गाड्यांची रीघ लागते, राजूरच्या बाजूचे आपले म्हातारे नातेवाईक रात्री परत कसे जाणार? श्रावण यंदा ऑगस्टच्या मध्याला लागतो. तोवर आवणी उरकलेली असते, माणसांना सवड असते, धरण बहुधा स्वातंत्र्यदिनाच्या आगेमागे भरतं आणि नदी तिच्या जन्माच्या वेळी होती तशी असते. तेव्हा कर. तुझे काका सहस्रचंद्रदर्शनाचं म्हणत होते, ते पुढच्या वर्षी; हजार पौर्णिमा व्हायला ऐंशी वर्षं आणि वर दहा महिने लागतात, ते या घाईत उरकायचं नाही.

आणि त्या दिवशी काय करायचं? सकाळी घरी पाट, रांगोळी, औक्षण. मग चारपाच जुनी माणसं आणि आपण घरचे, पडवीत सतरंजीवर. बास. चारशे माणसांत आठवणी निघत नाहीत, तिथे फक्त भाषणं होतात.

माणसं निवडताना मात्र नीट निवड. आजीला नातवंडांपेक्षा जास्त ओळखणारी माणसं अजून आहेत. तिच्या माहेरची मैत्रीण आहे, जिच्याबरोबर ती करवंदांना जायची. दुष्काळात रस्त्याच्या कामावर तिच्याशेजारी बसून खडी फोडणाऱ्या दोघी आहेत. तू त्यांना पाहिलेलंही नाहीस. त्या दोघींना गाडी पाठवून आणायची जबाबदारी तुझी. सव्वीस वर्षांची आजी कशी दिसायची, मुकादमाशी कशी भांडायची, मिलोची लाल भाकरी पोरांच्या घशाखाली उतरावी म्हणून काय युक्ती करायची, हे मला अर्धंमुर्धं माहीत आहे, त्यांना पूर्ण माहीत आहे. आजीने स्वतःहून यातलं काही तुला सांगितलं नसेल. तिच्या पिढीला आपल्या कष्टांचं कोणाला काय, असं वाटतं.

विचारायचं कसं, तेही सांगते. "आजी, तुझं बालपण कसं होतं?" असं विचारलंस तर ती म्हणेल, "होतं, सगळ्यांसारखं." वस्तूंबद्दल विचार. लग्नात माहेरून कोणती भांडी आली, त्यातलं कोणतं मोडीत गेलं आणि का? पहिल्यांदा अकोल्याच्या बाजाराला आली तेव्हा कशातून आली? अगस्तीच्या यात्रेत महाशिवरात्रीला काय घ्यायची? नागली कोणत्या जात्यावर दळायची आणि दुसरी बाजू कोण धरायचं? वालाचं बी कुठून आणलं? शेवटचं तर नक्की विचार. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेऱ्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आजी टीव्हीसमोरून उठली आणि मडक्यात राखेत ठेवलेलं बी मला काढून दाखवलं. ते बी तिच्या आईचं होतं. मी या घरात वाढले, मला ते तोवर ठाऊक नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं आणि तिला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

दोघी एकच गोष्ट वेगवेगळी सांगतील. एक म्हणेल पूर आला तेव्हा गुरं सोडली, दुसरी म्हणेल गुरं बांधलेलीच होती. तू निवाडा करू नकोस आणि बाबांनाही करू देऊ नकोस. त्यांना सवय आहे. अशा वादातच जास्त गोष्टी बाहेर येतात. आपलं खरं ठरवण्यासाठी प्रत्येकजण आणखी एक खूण सांगतो, गोठा कुठे होता, त्या रात्री घरात कोण होतं. दोन्ही लिहून घे, ज्याच्यात्याच्या शब्दांत. "आवणी"ला "लावणी" करू नकोस, तिचं बोलणं पुस्तकी करू नकोस. मोबाइलवर आवाज धरून ठेवायचा असेल तर आधी तिला विचार, आणि मग तो पालथा ठेवून दे. त्यातलं काहीही ग्रुपवर टाकायचं नाही. तिने तुला सांगितलं आहे, पाचशे माणसांना नाही.

एक नाजूक गोष्ट. तुझ्या बाबांच्या आधी आईला एक मुलगा झाला होता, तो वर्षाच्या आत गेला. तुला माहीत असावं म्हणून सांगते. त्याच्याबद्दल तू विचारू नकोस. पण बोलता बोलता ती स्वतः तिकडे वळली, तर लगेच पाणी आणायला उठू नकोस, विषय बदलू नकोस, "जाऊ दे आजी" तर मुळीच म्हणू नकोस. तिने किती वर्षं जाऊ दिलं आहे! बोलू दे, आणि ती थांबली की थांब. वाढदिवस म्हणजे हसरंच काहीतरी हवं असा आग्रह धरला की म्हाताऱ्या माणसाचं अर्धं आयुष्य आपण दाराबाहेर ठेवतो.

पाचवीला आपल्याकडे सटवाईपुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, बाळाच्या कपाळी जे लिहायचं ते ती रात्री येऊन लिहिते म्हणून. तुझ्या पाचवीला आजीनेच ठेवला होता. ऐंशीव्या वर्षी तो कागद भरलेला आहे आणि वाचून दाखवायला खुद्द माणूस समोर आहे. हे भाग्य सगळ्यांना मिळत नाही. तू शाळेत असताना "श्यामची आई" वाचून रडली होतीस. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातला श्याम रोज रात्री मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो, आणि ऐकणारे मन लावून ऐकतात. पण गुरुजींची आई 1917 सालीच गेली होती. मुलगा काय सांगतो आहे ते तिला ऐकता आलं नाही, आणि "नाही रे, असं नव्हतं" म्हणून मध्येच सुधारताही आलं नाही. आपल्या घरी ती सुधारणारी बाई अजून आहे, कान थोडे मंद झाले आहेत एवढंच. ती गेल्यावर आपण तिच्याबद्दल पुष्कळ बोलू, वर्षश्राद्धाला सगळेच बोलतात. मला त्यातलं शक्य तेवढं आता, तिच्या देखत व्हायला हवं आहे.

फोटोंची ट्रंक माझ्याकडे आहे, ती आणते. लग्नाच्या फोटोतल्या मागच्या रांगेतली निम्मी माणसं आता फक्त आजी ओळखते. तिच्याकडून एकेकाचं नाव घेऊन फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिही. बॉलपेन वापरू नकोस, पुढे उमटतं. जेवणाला पुरणपोळीचा घाट घालू नका. वरईचा भात, नागलीची भाकरी, वालाचं कालवण, त्याच बियाचं. केक आणायचा असेल तर जरूर आण, लहान मुलांचा हिरमोड करून मला आजीचा वाढदिवस करायचा नाही.

आजोबांच्या बाबतीत आपण हे केलं नाही. त्यांची तिथी आपण पितृपक्षात न चुकता पाळतो, वाढदिवस मात्र कोणालाच माहीत नाही. आजीला त्या दिवशी तेही विचार. तिला कदाचित सासूकडून काही ऐकलेलं आठवत असेल, भाताच्या कापणीचं किंवा कुठल्या लग्नसराईचं. एवढं जरी मिळालं तरी पुढच्या वर्षापासून त्यांनाही एक दिवस देता येईल, काकस्पर्शाची वाट बघण्याचा नाही, त्यांच्या गोष्टी सांगण्याचा.

तहसीलमध्ये नकलेचा अर्ज मी सोमवारी देते. त्यासाठी पणजोबांचं, म्हणजे आजीच्या वडिलांचं, कागदोपत्री पूर्ण नाव लागेल. बाबांकडच्या जुन्या सातबाऱ्यावर आहे, त्याचा फोटो काढून मला पाठव. हॉलचे आगाऊ पैसे परत मिळत असले तर घे, त्यात त्या दोघींच्या गाडीभाड्याचं भागेल. आजीला यातलं काही सांगू नकोस, नाहीतर ती आतापासून पडवी सारवायला काढेल.

तब्येतीला जप. रात्री उशिरापर्यंत जागत जाऊ नकोस.

तुझी,
आत्या