ऑर्डर्स हातात आल्यावर

चि. सोनू हिस,


तुझ्या बदलीच्या ऑर्डर्स आल्या, सॅन अँटोनियोहून व्हर्जिनियाला जायचंय, हे ताईनं कळवलं. एअर फोर्समधली कॅप्टन म्हणून तू पुष्कळ काही पाहिलंस, पण नवरा आणि वर्षाची लेक घेऊन अख्खं घर हलवायची ही तुझी पहिलीच वेळ. तुझे काका अमेरिकेच्या नौदलात होते तेव्हा बदलीच्या सामानाचं सगळं माझ्याकडेच असायचं, म्हणून हे लिहायला बसले. फोनवर ऐकलेलं धावपळीत विसरायला होतं. पत्र जवळ राहील.

सगळ्यात आधी हे सांगते की, सामानाच्या बाबतीत कुणाच्याही ऐकीव अनुभवावर विसंबू नकोस. माझ्यासुद्धा. तुझ्या स्क्वाड्रनमधली एखादी मैत्रीण दोन वर्षांपूर्वी अशी-अशी गेली असेल, पण तिचा नियम तुझा असेलच असं नाही. 2025 मध्ये काय झालं ते बघ. सैन्यातल्या कुटुंबांच्या सामानाची वर्षाला तीन लाखांच्या वर खेपा हलतात. पूर्वी हे काम शेकडो वाहतूक कंपन्या आपापले दर देऊन घ्यायच्या. तक्रारी खूप होत्या, म्हणून सगळा कारभार एकाच कंपनीच्या हाती सोपवायचं ठरलं. इलिनॉयमधल्या स्कॉट तळावरच्या ट्रान्सपोर्टेशन कमांडनं 2021च्या नोव्हेंबरात होमसेफ अलायन्सला कंत्राट दिलं आणि 2024 मध्ये त्यातून सामान हलायला लागलं. पण व्यवस्था एकाच्या हाती आली तरी ट्रक आणि माणसं गावोगावच्या छोट्या कंपन्यांचीच लागतात, आणि मिळणाऱ्या दरात काम परवडत नाही म्हणून त्यातल्या कितीतरी मागं हटल्या. ठरलेल्या दिवशी ट्रकच आले नाहीत. शेवटी 2025च्या जूनमध्ये ते कंत्राट रद्द झालं आणि काम पुन्हा जुन्या पद्धतीकडे गेलं. या उलथापालथीत ज्या बाया लेकरं घेऊन रिकाम्या घरात ट्रकची वाट बघत बसल्या, त्यांचा मला अजून विचार येतो. नवरा नाहीतर बायको देशासाठी कुठंतरी तैनात आणि इथं बाळाचा पाळणासुद्धा हाताशी नाही, हे कुठल्याही सरकारला शोभणारं नाही.

म्हणून ऑर्डर्स आल्या त्याच आठवड्यात तळावरच्या ट्रान्सपोर्टेशन ऑफिसला जा. प्रत्येक नियमाला तारीख असते. तो कुठल्या तारखेला सामान हलवणाऱ्यांना लागू आहे, हे विचारून लिहून घे. मे महिन्याच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत गर्दीचा हंगाम असतो. ट्रकची तारीख उशिरा मागितलीस तर हवी ती मिळणार नाही.

स्वतःच ट्रक भाड्यानं घेऊन सामान न्यायचं तुझ्या मनात असल्याचं ऐकलं. त्याचे पैसे किती मिळतात हे बदलत आलंय. सरकारला तेच सामान न्यायला जो खर्च आला असता, त्याचे पूर्वी 95 टक्के मिळायचे, 2020 पासून 100 टक्के झाले. 2025 मध्ये गोंधळ वाढला तेव्हा संरक्षणमंत्री हेगसेथ यांनी ते 130 टक्क्यांवर नेले, पण 15 मे ते 30 सप्टेंबर 2025 या मुदतीत सामान हलवणाऱ्यांसाठीच. ‘आम्हाला इतके मिळाले’ असं सांगणारे तुला भेटतील. त्यांचा आकडा धरून हिशेब करू नकोस. शिवाय रिकाम्या ट्रकच्या आणि भरलेल्या ट्रकच्या, अशा दोन्ही वजनांच्या प्रमाणित पावत्या लागतात. खर्च वजा जाता जे उरतं त्यावर कर बसतो, म्हणून डिझेलची चिठ्ठीसुद्धा सांभाळायची. आणि मनापासून सांगू? वर्षाची लेक मांडीवर घेऊन टेक्सासहून व्हर्जिनियापर्यंत ट्रकच्या मागं धावण्यात चार पैसे सुटले तरी मला ते पटत नाही. त्यापेक्षा काही मोजकं सामान स्वतः न्या आणि बाकीचं सरकारी ट्रकला द्या. तसंही करता येतं.

वजनाचं. कॅप्टनला कुटुंब धरून 14,500 पौंडांची मुभा आहे. त्यावर गेलं की जादा वजनाचे पैसे तुझ्या पगारातून जातील. तुझं कामाचं साहित्य 2,000 पौंडांपर्यंत यात धरत नाहीत, आणि जावईबापूंचंही 500 पौंडांपर्यंत. पण ते आधी सांगून, वेगळ्या खोक्यांत भरून, वेगळं वजन करून यादीत तसं लिहून घ्यावं लागतं. वजन जास्त वाटलं तर सामान उतरवण्याआधीच फेरवजन माग. त्याला पैसे पडत नाहीत आणि तो तुझा हक्क आहे. आईनं दिलेला पाटा-वरवंटा आणि पितळी डबे ठेव, पण गॅरेजमधलं तुटकं फर्निचर आत्ताच काढून टाक.

आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यादी. पॅकर येतात तेव्हा प्रत्येक वस्तूपुढे तिची अवस्था संक्षेपात लिहितात: ओरखडा, पोचा, तुटकी. यादीच्या कोपऱ्यात त्या खुणांचे अर्थ छापलेले असतात, ते आधी वाच. एका बदलीत आमच्या शिसवी कपाटापुढे तीन ठिकाणी ‘ओरखडा’ लिहिलं होतं. कपाटावर एकही नव्हता. मी सही करण्याआधी शेऱ्याच्या जागी मान्य नसल्याचं लिहिलं आणि कपाटाचे चारही बाजूंनी फोटो काढले. कपाट पोचलं ते दार मोडून. त्या शेऱ्यामुळे आणि फोटोंमुळेच भरपाई मिळाली. पॅकरशी भांडायची गरज नसते. तो उन्हातान्हात राबणारा माणूस असतो. त्याला पाणी दे, जेवायला विचार, पण सही करताना ओळ न् ओळ वाच. टीव्ही आणि लॅपटॉप चालू करून त्यांचेही फोटो घे, नाहीतर यंत्र चालतं की नाही ते माहीत नाही, असा शेरा पडतो. मंगळसूत्र, दागिने, पासपोर्ट, लेकीचा जन्मदाखला तुझ्याबरोबर गाडीतून गेले पाहिजेत. लोणच्याच्या बरण्या आणि तेलातुपाचे डबे ट्रकला देऊच नकोस. कचऱ्याची बादलीही आदल्या रात्री रिकामी कर, कारण पॅकर दिसेल ते बांधतात.

तिकडे पोचल्यावर सामान उतरवणारे तुझ्यापुढे कागद धरतील की खोकी उघडून देण्याची गरज नाही, सही करा. दमलेली असशील, सही करावीशी वाटेल. करू नकोस. खोकी एकदा उघडून देणं, काढलेलं फर्निचर जोडणं आणि रिकामी खोकी घेऊन जाणं हे त्यांचं काम आहे, आणि उघडताना तू समोर असलीस की फुटलेलं लगेच दिसतं.

काय हरवलं, काय मोडलं याची सूचना सामान पोचल्यापासून 180 दिवसांच्या आत द्यायची. 2020 पूर्वी हे 75 दिवस होते, म्हणून जुनी माणसं तुला 75च सांगतील. पूर्ण दावा मात्र नऊ महिन्यांच्या आत भरायचा, तरच जुन्या वस्तूच्या जागी नव्या वस्तूची पूर्ण किंमत मागता येते. उशीर झाला की घसारा वजा होतो. सामान नेणाऱ्या कंपनीची जबाबदारी कमाल 75,000 डॉलरपर्यंत असते, तेव्हा त्याहून मोलाचं काही असेल तर वेगळा विमा काढ.

एक ऐकलं असशील: बदल्याच कमी करायच्या आहेत. 2025च्या मे महिन्यात तसा आदेश निघाला. ज्या बदल्या टाळता येण्यासारख्या आहेत, त्यांवरचा खर्च 2027 या आर्थिक वर्षात 10 टक्क्यांनी आणि 2030 पर्यंत निम्म्यानं घटवायचाय. मला याचा मनापासून आनंद वाटतो. दर दोन-तीन वर्षांनी गाव बदललं की जोडीदाराची नोकरी धड रुजत नाही, हे मी भोगलंय. जावईबापूंना तसं व्हायला नको. तरी या आदेशाच्या भरवशावर व्हर्जिनियात घर विकत घेऊ नकोस. तुझ्या हुद्द्याच्या आणि कामाच्या बदल्यांचं काय ठरतंय, ते तुझ्या असाइनमेंट अधिकाऱ्याकडून कळेपर्यंत भाड्यानं राहा.

ऑफिसची वेळ ठरली की मला कळव. काय-काय विचारायचं ते आदल्या दिवशी आपण फोनवर बसून लिहून काढू. लेकीला पापा.

तुझी,
मावशी